हळदकुंकवाखातर

१२ जानेवारी २०२५, रविवार
शिवाजीनगर, बेंगळुरू

चि. वीणा,

आज सहाला उठलो. धुकं होतं, गल्लीचं टोक दिसत नव्हतं. दूध घेतलं. कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले. दुपारी दहीभात खाल्ला. चार वाजता पेन घेऊन बसलो, आता सव्वापाच झाले आहेत.

तुझी वहिनी सुखदा गेली. १८ नोव्हेंबरला सकाळी देवापुढे फुलं ठेवताना डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. तीन दिवस दवाखान्यात होती. शुद्धीवर आली नाही. २१ तारखेला, गुरुवारी, गेली. मुग्धा इलेक्ट्रॉनिक सिटीहून आली, बारा दिवस बापापाशी राहिली, मग तिला कामावर जावं लागलं. आता शनिवारी येते.

तुला कळवायला हवं होतं. पत्ता नव्हता. परवा सुखदाच्या वहीत मिळाला. त्या वहीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नुसतं 'पीण्या' असं लिहिलं आहे, अकरा वर्षं. मला वाटायचं ती तिकडे कारखान्यांच्या भागात ऑफिसच्या कामाला जाते. ती तुझ्याकडे येत होती.

पाकिटावर नावाआधी काय लिहावं यात बराच वेळ गेला. बाबांनी 'गं. भा.' लिहिलं असतं. मी श्रीमती लिहिलं आहे. वहीत फोन नंबरही आहे, पण फोनवर माझं बोलणं हवापाण्यापुढे जात नाही, हे तुला माहीत आहे.

अलीकडे एक होतं. दुपारी डोळा लागला की वरच्या खोलीतून टाइप केल्याचा आवाज येतो. सुखदा टाइप करायची तसाच, मध्ये थांबून, पुन्हा. खोली रिकामी आहे. नागपूरची दोन मुलं भाड्याने राहायची, ती डिसेंबरात गेली. काल वर जाऊन पाहिलं तर पत्र्यावर कबुतरं चालत होती. खाली आलो, पुन्हा आवाज सुरू. आता मी वर जात नाही. ऐकत बसतो.

तब्येतीची काळजी घे.

श्रीधर


२३ जानेवारी २०२५, गुरुवार

चि. वीणा,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षा ठेवून लिहीत नाही.

सुखदाच्या कपाटात साड्यांच्या खाली एक निळी फाइल होती. ती ज्या महिला संस्थेत टायपिस्ट होती, तिथल्या एका अहवालाची. सोबत तिने हाताने लिहिलेला मराठी कच्चा मसुदा. तो अहवाल २०१४ साली जिनिव्हाला गेला. तुला हे सगळं माहीत असणार, पण मला नव्हतं, म्हणून समजून घेत लिहितो.

स्त्रियांना कशातही दुजाभाव होऊ नये असा संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे. आपल्या देशाने तो १९९३ साली मान्य केला. तो पाळला जातो की नाही, हे जिनिव्हातली एक समिती प्रत्येक सरकारला विचारते. सरकार आपला अहवाल देतं आणि संस्था आपला वेगळा देतात, घराघरांत खरं काय चाललंय याचा. सुखदा जवळजवळ वर्षभर ते टाइप करत होती. मी विचारायचो, "आज काय?" ती म्हणायची, "टायपिंग." मी पुढे विचारलं नाही.

त्यात नोंद क्रमांक सतरा अशी आहे:

'बेंगळुरू शहर. विधवा, वय एक्केचाळीस. वडील वारले. घरावर भावाइतकाच तिचा हक्क. भाऊ शिकलेला, कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. कायद्याने मुलीला वाटा आहे. तो तिच्याच सहीने काढून घेतला जातो आणि त्याला संमती म्हणतात. वडिलांचं शिलाईचं दुकान खाली, ती वरच्या खोलीत राहत असे. आठ महिन्यांनी ती खोलीही गेली.'

खरं सांगतो, पहिल्या तीन-चार ओळी वाचताना मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मनात म्हटलं, कसला भाऊ आहे. मग शिलाईचं दुकान आलं.

मसुद्यात शेवटी एक ओळ आहे: 'भाऊ वाईट माणूस नाही.' ती निळ्या शाईने खोडली आहे. छापील अहवालात ती नाही. कुणी खोडली, तिने की तू, हे मला कळत नाही. रोज एकदा तो कागद उजेडात धरून बघतो.

दुसऱ्या एका पानावर सुखदाने पेन्सिलीने रेघ मारली आहे. करार मान्य करताना आपल्या सरकारने सोबत एक निवेदन जोडलं होतं. कुठल्याही समाजाच्या खाजगी बाबींत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, हस्तक्षेप न करण्याचं आमचं धोरण आहे, आणि त्याला धरूनच आम्ही हा करार पाळू. 'पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय' याखाली दोन रेघा. बाजूला तिच्या अक्षरात: 'ह्यांचं वाक्य. घरची गोष्ट घरात.'

ह्यांचं म्हणजे माझं.

दुपारी झोप लागली तेव्हा मी जिनिव्हात होतो. आपलं घर एका मोठ्या तळ्याच्या काठावर होतं, गल्लीसकट. दुकानात लांब टेबल मांडलं होतं आणि देशोदेशीच्या बायका कानाला यंत्रं लावून बसल्या होत्या. बाबा गळ्यात टेप अडकवून एकेकीच्या बाहीचं माप घेत होते आणि त्या हात पुढे करत होत्या, न विचारता, पुष्कळ दिवसांची ओळख असल्यासारखं. सुखदा कोपऱ्यात टाइप करत होती. त्यातल्या एका वयस्कर बाईने मला विचारलं, "वरच्या खोलीला खिडक्या किती?" कुठल्या भाषेत विचारलं आठवत नाही, पण मला समजलं. मी बोटांवर मोजू लागलो. सगळ्या थांबल्या. टाइप करणंही थांबलं.

जागा झाल्यावर वर जाऊन मोजल्या. दोन आहेत. पूर्वेची मी भाडेकरूंच्या कपाटासाठी फळी मारून बंद केली होती. फळी काढली. खिळे गंजले होते, वेळ लागला.

श्रीधर


९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. वीणा,

पहिल्या पत्रात लिहिलं की पत्ता नव्हता. ते पुरतं खरं नाही.

२०१६ साली, उन्हाळ्यात, पीण्याच्या बसस्टॉपवर मी तुला पाहिलं. मी आमच्या कारखान्यातून सुटून येत होतो. तू आठ-दहा बायकांबरोबर उभी होतीस, सगळ्यांच्या हातात डबे. तुझे केस पांढरे झाले होते. तू मला पाहिलंस की नाही माहीत नाही. मी वळलो आणि पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो. नंतर निवृत्त होईपर्यंत त्या स्टॉपवर चढलो नाही. तू तिथेच कुठेतरी कामाला आहेस, एवढं मला माहीत होतं.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. तू सगळं पाहिलं आहेस, पण मी कुठे उभा होतो तेही कागदावर असावं.

बाबांचं तेरावं झालं. सकवारबाई आत्या मोरपंखी रेशमी साडी घेऊन आल्या, माझ्याच पैशांची. आपल्यात भाऊ साडी देतो, बहीण सही देते, आईनेही दिली होती, आत्यानेही. तू म्हणालीस, "थोडं थांबू या का?" आत्या म्हणाल्या, "सही काय गं, दोन अक्षरं. माहेर जन्मभराचं. कोर्टकचेरी करणाऱ्या पोरींना भाऊबीजेला कोण बोलावतं?" सगळे हसले. मीही हसलो.

नोंदणी कचेरीबाहेर दस्त लिहिणाऱ्याने कागद तयार ठेवला होता. कन्नडमध्ये होता. मी उलटून पाहिला नाही. कारखान्यात मी पाव मिलिमीटरचा फरक धरून माल परत पाठवायचो, आणि तो कागद मी वाचला नाही. तू वाचलास. तू कन्नड शाळेत शिकलीस, तुझं बोट ओळीवरून भराभर जायचं. एका ठिकाणी ते थांबलं. तू माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणालो, "लवकर कर, लंच टाइम होईल."

तिथे लिहिलं होतं की बहीण आपला हिस्सा 'हळदकुंकवाखातर' सोडत आहे. दस्त लिहिणाऱ्यांचा तो ठरलेला शब्द आहे, प्रत्येक मुलीच्या कागदात तोच असतो. तुझे मालक जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. घरी तुला आत्या हळदकुंकवाला बोलावत नव्हत्या. तू सही केलीस.

हे मला सुखदाने त्या वर्षीच्या दिवाळीत सांगितलं. जेवताना सांगितलं. मी म्हणालो, फॉरमॅट आहे, त्यात काय. ती उठून आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, असं मी समजत होतो. आता आठवतं, भाडेकरू गेले की प्रत्येक वेळी ती म्हणायची, "वरची खोली राहू द्यायची का रिकामी?" मी म्हणायचो, रिकामी खोली कशाला. सहा वेळा तरी म्हणाली असेल.

तुला खोली सोडायला मी सांगितलं तेव्हा 'थोडे दिवस' असा शब्द वापरला होता. तू एक ट्रंक नेलीस. तुझं शिलाईचं मशीन राहिलं. ते जिन्याखाली होतं, काल वर नेऊन ठेवलं.

मी ठरवलं आहे की अर्धं घर तुझ्या नावे दानपत्र करून द्यायचं. त्याला तुझी स्वीकृती लागते, म्हणून तुला एकदा यावं लागेल. दिवस तू सांग.

श्रीधर


२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

चि. वीणा,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. तरी उतरवून काढतो, म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही ते तुला दिसेल.

'अण्णा, वहिनीचं मला अठराव्या दिवशी तिच्या ऑफिसातून कळलं. दान नको. दान देणाऱ्याचं असतं. हे माझं होतं आणि मी सही करून दिलं. ती सही पुसता येते का बघ. येत नसेल तर आता पत्र लिहू नकोस. वीणा.'

दुसऱ्याच दिवशी दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो. टेबल तेच आहे, झाडाखालीच. तेव्हाचे म्हातारे गेले, त्यांचा मुलगा रविकुमार बसतो. त्याच्यापुढे कॉम्प्युटर आहे. बापाचे सगळे मसुदे त्याने त्यात भरून घेतले आहेत.

तो म्हणाला, "दानपत्र करा सार्. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हणालो, "बहिणीला दान नको आहे."

"घर नको?"

"घर तिचंच आहे. जुनं हक्कसोडपत्र रद्द करायचंय."

तो हसला. "भाऊ लोक इथे घ्यायला येतात सार्. सोडायला आलेला मी पहिला बघतोय. स्वल्प थांबा, चहा सांगतो."

मग त्याने सांगितलं की रद्दपत्र होतं, पण दोघांनी समोर येऊन सही करावी लागते, आणि कारण लिहावं लागतं. "काय लिहू? फसवणूक? ते लिहिलं तर तुम्ही तुमच्यावरच केस लिहून दिल्यासारखं. 'गैरसमजुतीने' लिहितो. सगळे तेच लिहितात."

"गैरसमज नव्हता."

"मग काय होतं?"

"सोमवारी सांगतो," म्हणालो.

आज मुग्धा आली. हे तिला सांगायचं मी टाळत होतो, कारण उद्या घर तिचं होणार. ती जेवत होती. सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईने मला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. दोनदा मी पण गेलेय वीणाआत्याकडे. छान थालीपीठ करते."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो ना आम्ही." मग ताट उचलत म्हणाली, "ड्राफ्ट झाला की मला फोटो पाठव. तू न वाचता सही करतोस, रेकॉर्ड आहे तुझं."

ती गेल्यावर मी जिन्यात बसलो. ऊन पायरीपायरीने वर चढत होतं. सुखदा माझ्या दोन पायऱ्या वर बसली होती, निवडायचे तांदूळ मांडीवर घेऊन. मी मागे वळलो नाही. वळलं की ती नसते, हे आता मला समजलं आहे. मी तिला विचारलं, अकरा वर्षं तू हे माझ्याशी का बोलली नाहीस. तिने तांदूळ हलवल्याचा आवाज आला. ती बोलली होती. जी गोष्ट मी घरात ऐकली नाही, ती तिने जगाला टाइप करून पाठवली, आणि ती फिरून साड्यांच्या खाली माझ्यासाठी येऊन थांबली.

दोन दिवसांत कारण लिहितो. पुसता येते की नाही, ते त्यावर आहे.

श्रीधर


३ मार्च २०२५, सोमवार

चि. वीणा,

खालचा मजकूर मी रविकुमारला दिला आहे. त्याने त्याचं कन्नड केलं. सोबत दोन्ही प्रती जोडल्या आहेत. सहीआधी घरी बसून वाच. बदल असतील तर कर. पटलं नाही तर येऊ नकोस, मी पुन्हा लिहिणार नाही.

'हे हक्कसोडपत्र बहिणीला न विचारता, रिवाज म्हणून लिहून घेतलं. तिने थांबायला सांगितलं होतं, भाऊ थांबला नाही. त्यात हळदकुंकवाखातर असं लिहिलं होतं. ती त्या वेळी विधवा होती, हे भावाला माहीत होतं. त्याने कागद वाचला नाही. आता भावाच्या पुढाकाराने आणि दोघांच्या संमतीने हे पत्र रद्द करत आहोत. घरात दोघांचा निम्मा निम्मा हक्क पहिल्यापासून होता आणि आहे.'

'पुढाकार' आणि 'संमती' हे शब्द माझे नाहीत. कुठून घेतले ते तुला कळेल. सरकारने ते हात आखडता घ्यायला लिहिले होते. मला वाटलं, आपल्या कागदात ते कामाला यावेत.

मुग्धाने वाचलं. तिने एकच चूक काढली, घराचा नंबर.

बुधवार, १२ मार्च, सकाळी अकरा. मी झाडाखाली असेन.

श्रीधर


१२ मार्च २०२५, बुधवार

चि. वीणा,

तू तिथे होतीस. तरी लिहितो, कारण समोर माझं बोलणं थोडकंच झालं.

तू अकराला दहा कमी असताना आलीस. राखाडी साडी, जाड चष्मा. "अण्णा, बारीक झालास," म्हणालीस, आणि लगेच रविकुमारकडे हात केलास, कागदासाठी. तू घरी वाचला होतास, तरी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलास. बोट आता हळू चालतं. त्या शब्दापाशी आलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. रविकुमारने घड्याळ पाहिलं. मी काही म्हणालो नाही.

आत जाईपर्यंत लंच टाइम झालाच. खिडकी बंद झाली. आपण बाकावर पाऊण तास बसलो. गुलाबी फुलं पडत होती, उभ्या स्कूटरींच्या सीटवर, तुझ्या पर्सवर. मला वाटत होतं की हे मी दुपारी झोपेत बघतोय, आणि वर कुणीतरी टाइप करतंय. म्हणून मी विचारलं.

"मसुद्यातली ती शेवटची ओळ कुणी खोडली?"

"मी. वहिनी लिहीत होती, मी तिच्या हातून पेन घेतलं."

"खोटी होती म्हणून?"

"खोटी नव्हती अण्णा. पण तिथे तिचं काम नव्हतं. तू चांगला आहेस म्हणून माझी खोली थोडीच राहिली होती."

मी मान हलवली.

मग फोटो, अंगठा, सही. सही करताना तू जीभ किंचित बाहेर काढलीस, शाळेत काढायचीस तशी. बाहेर आल्यावर रविकुमार तुला म्हणाला, "अक्का, तो शब्द माझ्या सगळ्या फॉरमॅटमध्ये आहे. काढू का?"

तू म्हणालीस, "नुसता काढून काय होणार? लिहिण्याआधी प्रत्येकीला एकटीला बसवून विचारा, तुला सोडायचंय का. मग ती सांगेल ते लिहा."

"भाऊ लोक रागावतील अक्का."

"रागावू देत. चहा पाजा."

तो मान डोलावत "सरी, सरी" म्हणाला. विचारेल की नाही सांगता येत नाही. पण त्याने ते एका कागदावर लिहून घेतलं, हे मी पाहिलं.

मी वरच्या खोलीची किल्ली दिली. तू न बघता पर्समध्ये टाकलीस. मी विचारलं, कधी येशील. तू म्हणालीस, "माझ्या घरी यायला तुला कळवायचं?" आणि हसलीस, अगदी थोडं. "येईन तेव्हा येईन. नाहीतर भाड्याने देईन." मग पीण्याची बस आली.

मी चालत घरी आलो. भात लावला, जेवलो. दुपारी झोपलो नाही. वरून आवाज आला नाही. कबुतरंही कुठे गेली कोण जाणे.

मोरपंखी साडी सुखदाच्या कपाटात सापडली, घडी न मोडलेली. तू ती तिच्याकडे ठेवून गेली होतीस, हेही मला माहीत नव्हतं. ती मी तिथेच ठेवली आहे. काय करायचं ते तू सांग, किंवा सांगू नकोस.

एवढं लिहून वर गेलो होतो. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. बंद केल्या. तुझ्या मशीनच्या खणात तेलाची कुपी आहे, अजून अर्धी भरलेली. दाराचं कुलूप घट्ट झालं होतं. त्यात दोन थेंब सोडले, माझ्याजवळच्या किल्लीने चार-पाच वेळा फिरवलं. सहज उघडायला लागलं. मग लावलं, फडक्याने तेल पुसलं आणि खाली आलो.